बदलीची हजेरी

आप्पा कुठं कामाला आहेत असं कुणी विचारलं की आई "गिरणीत" म्हणायची आणि पुढचा शब्द गिळून टाकायची. तो शब्द होता 'बदली'. आप्पा गिरणीत होते हे खरंच होतं, पण गिरणीत कायम असणं आणि बदली असणं यात काय अंतर आहे ते आमच्या सोलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कायम कामगाराची बायको हळदीकुंकवाला गेली की तिला बसायला पाट मिळायचा, बदलीच्या बायकोला नुसतं "या, बसा की." आईला हे सगळं पाठ होतं, म्हणून ती अर्धंच वाक्य बोलायची.

पुढं मी शब्दांवरच पोट भरलं. शाळेत मराठी शिकवलं, सुट्ट्यांत शब्दकोशांची प्रुफं तपासली. कुठला शब्द कुठून आला हे सांगायची मला खोडच लागली आणि लोक ते कौतुकानं ऐकतातही. पण 'बदली' या शब्दाचं कुळ कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. कारण ते कुळ मला सगळ्यांत चांगलं ठाऊक आहे. एकोणिसाव्या वर्षी मी ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवलं, वर्गात शाबासकी घेतली, आणि त्याच पंधरवड्यात त्याच अक्षरानं आप्पांचं काम घालवलं.

आप्पा रोज पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी गिरणीच्या गेटवर जाऊन उभे राहायचे. कायम कामगार आले की आपला पितळी बिल्ला हजेरीच्या खिडकीत टाकायचे आणि आत जायचे. बिल्ल्यावर त्यांचा नंबर. बिल्ला पडला म्हणजे माणूस हजर. बदली लोकांकडे बिल्ला नसायचा, एक पुठ्ठ्याचा पास असायचा. भोंगा झाला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बाहेर यायचा. आज किती माग रिकामे आहेत ते त्याच्या डोक्यात असायचं. तो बोट दाखवायचा : तू, तू आणि तू. ज्यांच्याकडं बोट गेलं ते आत, बाकीचे पासावर शिक्का मारून घेऊन घरी. काम मिळो न मिळो, शिक्का मात्र रोज पडावा लागे. चार दिवस आला नाहीस तर नाव यादीत तळाला. कुणाला ताप आला, कुणाची म्हैस व्यायली, कुणाच्या घरी मयत झाली, की बदलीच्या घरी चूल पेटायची. दुसऱ्याच्या अडचणीची वाट बघत जगायचं, आणि ती आली की तोंडावर दिसू द्यायचं नाही. आप्पांना हे अकरा वर्षांत चांगलं जमलं होतं. मला आजही कुणी आजारी असल्याचं कळलं की आधी लाज वाटते, मग वाईट वाटतं.

मी कॉलेजला जायची त्या रस्त्यावरच ते गेट होतं. सकाळचं कॉलेज असल्यामुळं मी निघायची तेव्हा बदली लोक उभे असायचे. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी तर ती गर्दी रस्त्यापर्यंत आली होती. सांगोल्याकडची माणसं मेंढरं विकून आली होती, डोक्याला मुंडासं तसंच, आणि तीही पास मिळतो का बघत उभी. आमच्या आप्पांचा मूळ मुलूख अक्कलकोटच्या बाजूचा. घरात आई कानडीत बोलायची, आप्पा मराठीत उत्तर द्यायचे, आणि गेटवर ते तेलुगू, दखनी सगळंच थोडं थोडं बोलायचे. मला पाहिलं की मान हलवायचे. हाक मारायचे नाहीत. कॉलेजातल्या मुलीचा बाप गेटवर उभा आहे हे माझ्या मैत्रिणींना कळू नये असं त्यांना वाटे. आणि खरं सांगायचं तर तसंच मलाही वाटे.

त्या वर्षी आमच्या मराठीच्या प्राध्यापकांनी वर्गाला एक काम दिलं. प्रत्येकानं मराठीत बाहेरून आलेला एक शब्द निवडायचा, तो कुठल्या भाषेतून आला, वाटेत कुठं कुठं थांबला, त्याचं लिंग, वचन, अर्थ कसे बदलले, ते शोधून निबंध लिहायचा. कुणी 'चावी' घेतली, कुणी 'बटाटा'. मी म्हटलं, 'बदली'. शेजारची मुलगी लगेच म्हणाली, "अय्या, माझ्या बाबांची दोनदा झाली!" तिचे वडील सरकारी खात्यात साहेब होते. वर्ग हसला आणि मीही हसले. मनात मात्र कळ गेली. तिच्या घरी बदली आली की सामान बांधलं जाई, निरोपाचे हार पडत. आमच्या घरी ती रोजच होती आणि तिला कुणी हार घालत नव्हतं.

वहीच्या पहिल्या पानावर मी तेच मांडलं. साहेबाची बदली *होते*, कामगार बदली *असतो*. साहेबाची बदली स्त्रीलिंगी, तिचं अनेकवचन होतं : बदल्या निघाल्या, बदल्या रद्द झाल्या. गेटवरच्या बदलीला लिंग नाही आणि वचनही नाही. एक बदली, दहा बदली. माग खात्यातला पुरुष बदली आणि वाइंडिंगमध्ये सूत गुंडाळणारी बाई पण बदलीच. "दहा बदल्या गेटवर उभ्या आहेत" असं सोलापुरात कुणी म्हणणार नाही. एकाच शब्दानं बंगल्यात जाताना साडी नेसावी आणि गेटवर येताना सगळं उतरवून ठेवावं, तसा प्रकार. हे वाक्य प्राध्यापकांना फार आवडलं होतं. मला आता ते वाचवत नाही.

मग मी घरापासून सुरुवात केली. आईला विचारलं, "कानडीत काय म्हणतात गं?" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "नन्न बदली नी होगु." माझ्याऐवजी तू जा. तिच्या भाषेत शब्द होता तसाच बसला होता, फक्त नामाच्या मागं येऊन गुपचूप उभा राहिला होता. मी वहीत लिहून घेतलं. आई म्हणाली, "हे लिहून काय होणार?" मी म्हटलं, "मार्क मिळणार." तिनं भाकरी उलटली.

गल्लीच्या टोकाला उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर राहायचे. त्यांच्याकडे गेले तर ते हरखलेच. इतक्या वर्षांत त्यांच्याकडं कुणी व्याकरण विचारायला आलं नव्हतं. म्हणाले, "अरबी का लफ्ज है बेटी. बदल. फारसी में आया, वहाँ से हमारे पास. मेरे बदल तू जा, ऐसा बोलते अपने लोगाँ." मग त्यांनी एक गोष्ट सांगितली ती माझ्या मनात रुतून बसली. अरबी व्याकरणात 'बदल' ही एक संज्ञाच आहे. 'तुझा भाऊ, तो शिंपी, आला' असं म्हटलं तर 'शिंपी' हा 'भाऊ'चा बदल. पहिल्या शब्दाला जो प्रत्यय तोच त्याला, जो मान तोच त्याला. एवढंच नाही. "पहला लफ्ज तो खाली रस्ता बताता. बोलनेवाले के दिल में असली तो बदल है," मास्तर म्हणाले. म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकात बदली हाच खरा माणूस, कायमवाला नुसता दार उघडायला. मी घरी आल्यावर आप्पांना हे सांगितलं. ते खूप हसले. म्हणाले, "जॉबरला सांग की हे."

तेलुगू मला सांगितलं ते मामानं. मामा आमचा नात्यातला नव्हे. शहराच्या पूर्व भागातला तेलुगू विणकर, आप्पांच्याच खात्यात कायम कामगार. वर्षानुवर्षं आप्पा बहुतेक त्याच्याच जागी काम करायचे. त्याच्या घरी स्वतःचा हातमाग होता, बायको आणि सून त्यावर चादरी विणायच्या. मागणी आली की त्याला घरी बसणं भाग पडे. म्हणाला, "मा भाषल बदुलु. नाकु बदुलु नुव्वु पो. माझ्याऐवजी तू जा. आन बदुलु म्हंजी उत्तर बी, आन उसनं आणलेलं बी. शेजारणीकडनं वाटीभर पीठ आणलं तर ते बदुलु. परत द्याचं असतंय ते." मी लिहून घेतलं. परत द्यायचं असतं, या शब्दांखाली रेघही मारली होती. कशाला मारली देव जाणे.

मामाचं आणि आप्पांचं एक गुपित होतं. आमच्या घरात ते सगळ्यांना माहीत होतं आणि बाहेर कुणी बोलत नव्हतं. मामाच्या रजा वर्षाच्या मध्यातच संपायच्या. त्यानंतर तो आला नाही तर त्याच्यावर चार्जशीट निघाली असती. म्हणून जॉबरनं तोड काढली होती. ज्या दिवशी मामा येणार नाही त्या दिवशी आप्पांनी मामाचा बिल्ला खिडकीत टाकायचा आणि मामाच्या मागावर उभं राहायचं. कागदावर मामा हजर. त्या दिवसांचा पगार मामाच्या हातात पडायचा आणि त्याच संध्याकाळी आमच्या घरी पोचायचा, त्यात कधी खोट आली नाही. जॉबरला चालू माग मिळे, मामाची नोकरी टिके, आप्पांना त्या दिवशी हमखास काम मिळे. आणि मामानं शब्द दिला होता, की मी सोडीन तेव्हा माझ्या जागी तुलाच लावीन. सोडणाऱ्यानं जॉबरला नाव सुचवायचं, ही रीत होती. आप्पांचा सगळा हिशोब त्या एका शब्दावर होता.

मामाचे डोळे अधू झाले. तुटलेला धागा दिसेना. त्यानं गिरणी सोडायची ठरवली. त्याच सुमारास ऑफिसनं गेटवर नोटीस लावली, की ज्या बदली कामगारांचे ठरावीक दिवस भरले असतील त्यांनी कायम होण्यासाठी अर्ज करावेत. नोटीस इंग्रजीत होती आणि खाली मराठीत. इंग्रजीतही शब्द 'बदली'च होता. त्यांना आपला शब्द शोधायची तसदी घ्यावीशी वाटली नव्हती, फक्त शेवटी अनेकवचनाचा 'स' चिकटवला होता. तोवर कुठल्याच भाषेनं बदली लोकांना अनेकवचन दिलं नव्हतं, ते इंग्रजीनं दिलं. मी तेही वहीत टिपलं, तिथंच गेटवर उभी राहून, आणि बदली लोक माझ्याकडं बघत होते.

आप्पांचे दिवस कागदावर कमी भरत होते. जे दिवस ते मामाच्या बिल्ल्यावर उभे राहिले ते त्यांचे नव्हतेच. पण आप्पांनी घरातल्या दिनदर्शिकेवर सगळं खुणेनं टिपलं होतं. स्वतःच्या पासावर काम मिळालं तर टिंब, मामाच्या बिल्ल्यावर गेले तर फुली. दरवर्षीची दिनदर्शिका आई खिळ्यावरून काढून ट्रंकेत ठेवायची. रविवारी दुपारी आप्पा त्या सगळ्या घेऊन माझ्यापुढं बसले.

"पोरी, अर्ज लिव. लई वर्सं झाली, कायम करा म्हनावं. दोन वळी लिव."

दोन ओळी! मला ते पटेना. माझ्या डोक्यात तेव्हा निबंध होता. पुरावा, उदाहरण, निष्कर्ष. मी टिंबं मोजली, फुल्या मोजल्या, बेरीज केली. टिंबं आणि फुल्या मिळून आप्पांचे दिवस ठरावीक दिवसांपेक्षा कितीतरी जास्त भरत होते. माझं रक्त उसळलं. या माणसानं इतकं राबावं आणि कागदावर दुसऱ्याचं नाव लागावं? मी चार फुलस्केप पानं लिहिली. कुठल्या वर्षी कुठल्या महिन्यात किती दिवस आप्पांनी मामाच्या जागी, मामाच्या बिल्ल्यावर, जॉबरच्या सांगण्यावरून काम केलं ते सगळं. शेवटी लिहिलं, की हे सर्व दिवस प्रत्यक्षात अर्जदारानेच भरलेले असल्यामुळे ते त्याच्या नावावर धरून त्यास कायम करण्यात यावे. एकही शब्द खोडावा लागला नाही.

आप्पांना लिहिता येत नव्हतं, सही तेवढी यायची. मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते मांडी घालून, डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर डोळे उघडले. मग म्हणाले, "ते बिल्ल्याचं लिवायलाच पायजे का?"

"खरं तेच लिहायचं, आप्पा. तुम्ही काय चोरी केलीय?"

"चोरी कशाची? पर..."

"मग? काम तुम्ही केलंय. लपवायचं कशाला? कॉलेजात शिकते ना मी? मला कळतं की अर्ज कसा लिहायचा."

हे माझं वाक्य. यातला एक शब्दही मी विसरलेले नाही. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत शंका होती, पण शंकेपेक्षा अभिमान जास्त होता, आणि तोच नडला. पोरगी शिकलेली आहे, तिला कळत असणार. त्यांनी पेन धरला आणि जोर देऊन, अक्षर अक्षर काढत सही केली. आई चुलीपाशी होती. तिनं वळून पाहिलं आणि परत पाठ केली.

आठवड्यानं आप्पांना ऑफिसात बोलावलं. मी हट्टानं बरोबर गेले. कामगार अधिकारी पंख्याखाली बसला होता, माझी चार पानं त्याच्यापुढं. जॉबर बाजूला उभा. अधिकाऱ्यानं पानं उचलली आणि विचारलं, "हे तुमचंच ना? सही तुमची?"

"व्हय साहेब."

"दुसऱ्याचा बिल्ला टाकत होता, असं तुम्ही स्वतःच लिहून दिलंय."

"काम मी केलं हाय की साहेब."

"काम कुणी केलं ते मी विचारत नाही. बिल्ला कुणी टाकला ते विचारतोय."

जॉबरला विचारलं. तो म्हणाला, "मला काय ठावं साहेब? शंभर माणसं जात्यात." मामाला घरून बोलावलं. तो आला, अधू डोळ्यांनी भिंत चाचपत. त्याच्या नोकरी सोडल्याच्या पैशांचा हिशोब अजून ऑफिसात अडकला होता. त्यानं आप्पांकडं न बघता सांगितलं, "बिल्ला हरवला होता साहेब, मधी मधी. कुणाला घावला आसंल." मी पुढं होऊन म्हणणार होते, की खोटं आहे, मला माहीत आहे. आप्पांनी माझा दंड धरला, असा धरला की दोन दिवस वळ राहिला. मला वाटलं मामाला वाचवण्यासाठी. आज वाटतं, माझ्या तोंडून आणखी काही खरं बाहेर पडू नये म्हणून.

अधिकाऱ्यानं आप्पांचा पास मागितला. आप्पांनी तो खिशातून काढला, फडक्यात गुंडाळलेला होता, फडकं सोडवायला वेळ लागला. त्यानं पास ड्रॉवरमध्ये टाकला. पोलिसात देत नाही हे उपकार समजा, असंही म्हणाला. मामाची जागा जॉबरच्या पुतण्याला मिळाली. तो दुष्काळात गावाकडनं आला होता आणि त्याचे दिवस भरले होते की नाही हे कुणी विचारलं नाही.

मी अर्जाची प्रत घेऊन प्राध्यापकांकडे गेले. वाटलं, शिकलेला मोठा माणूस आहे, कुणाशी तरी बोलेल, चिठ्ठी देईल. त्यांनी चष्मा लावून चारही पानं नीट वाचली. मी उभी होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "अर्जाची भाषा अगदी निर्दोष आहे हो. एक अनुस्वार तेवढा राहिलाय." मग त्यांनी माझी निबंधाची वही काढली आणि म्हणाले की यंदाचा सगळ्यांत चांगला निबंध तुमचा आहे, उद्या वर्गात वाचा. आणि मी वाचला. गेल्याच आठवड्यात बापाचा पास गेलेला, आणि मी वर्गात उभी राहून अरबीत बदल या शब्दाला किती मान आहे ते सांगत होते. साहेबाच्या मुलीनं टाळ्या वाजवल्या. त्या वेळी वही प्राध्यापकांच्या तोंडावर फेकायला हवी होती. मी "थँक यू सर" म्हटलं आणि खाली बसले. त्या दिवसाचा राग मी आजवर कशाकशावर काढत आले ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.

आप्पा मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. भोंगा झाला की ते अजूनही उठायचे, तोंड धुवायचे, टोपी घालायचे. पहिले काही आठवडे गेटवरही जायचे, पास नसताना. जॉबर बोट दाखवायचा तेव्हा ते मागच्या रांगेत उभे असायचे आणि सगळे आत गेले की घरी यायचे. मला कॉलेजला जाताना ते दिसायचे. आता मी त्यांना हाक मारायची, मुद्दाम, मैत्रिणी असल्या तरी. तेवढीच मला फेड सुचली होती. ते मान हलवायचे. मग कुणाच्या तरी यंत्रमागाच्या शेडमध्ये त्यांना सुताच्या कांड्या भरायचं काम मिळालं. घरात बसून बाया करतात ते काम. मामा एकदा रस्त्यात भेटला. त्यानं पिशवीतून नवी चादर काढून माझ्या हातात द्यायला पाहिलं. मी घेतली नाही. घरी सांगितल्यावर आप्पा म्हणाले, "घ्याची हुतीस की. त्येचं बी काय चुकलं?" मला मात्र अजून त्याला माफ करता येत नाही. स्वतःला करता येत नाही, मग त्याला कुठून करू?

शब्दाचा शोध पुढंही चालू राहिला, खोड गेली नाही. जुन्या कागदांत सापडलं, की आपण रोज वापरतो तो 'बद्दल' हा त्याचाच भाऊ. पूर्वी 'वडिलांबद्दल मुलगा हजर' असं लिहीत, म्हणजे वडिलांच्या जागी. आता आपण नुसतं कुणाबद्दल तरी बोलतो. पुढं हेही कळलं की फारसीत खोट्या दागिन्यांनाही बदल म्हणतात. पास गेला त्या सगळ्या वर्षात मला एकच विचार छळत होता. पाच भाषांतून फिरून आलेला शब्द मी मुळापासून ओळखत होते, आणि घरात रोज पहाटे तो उठून टोपी घालत होता तेव्हा त्याला काय हवंय ते मला कळलं नव्हतं. त्याला नाव नको होतं. त्याला कुणी लिहून ठेवू नये, एवढंच हवं होतं, निदान कायम होईपर्यंत. ते आप्पांना माहीत होतं, आईला माहीत होतं, अक्षरशत्रू असलेल्या सांगोल्याच्या मेंढपाळालाही चार दिवसांत कळलं असतं.

सत्तरचं दशक संपता संपता मला बार्शीच्या एका शाळेत नोकरी लागली. आप्पा तेव्हा खोकल्यानं अंथरुणाला टेकले होते. कांड्यांची आणि मागांची सगळी धूळ छातीत बसली होती. मी नेमणुकीचा कागद दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला.

"कायम का?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नाही आप्पा. एक बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत, त्यांच्या जागी. बदली."

त्यांनी कागद मला परत दिला. मग माझा दंड धरला, त्याच जागी, आता हातात जोर नव्हता. म्हणाले, "काम कर. पर काय बी लिवून देऊ नगंस कुनाला."

शाळेतल्या तिसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी मला आत बोलावलं. संस्थेच्या चालकांची सून आमच्याकडं कायम शिक्षिका होती. ती महिन्यातून चार दिवस यायची. त्यांनी हजेरीपट पुढं सरकवला आणि म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. त्यांच्या रकान्यात तेवढ्या सह्या करून टाका. तास तुम्हीच घेताय ना त्यांचे?"

आप्पा त्या वेळी जिवंत होते. मी पेन काढला आणि त्या सुनेच्या नावापुढं ओळीनं सह्या केल्या, एकही न खोडता. रजेवरच्या बाई परतल्या तरी मला ठेवून घेतलं; दोन वर्षं करत राहिले, आणि मग कायम झाले. कायम झाल्याचा कागद आला तेव्हा आप्पांना जाऊन चार महिने झाले होते. ही गोष्ट मी आजवर कुणालाही लिहून दिलेली नाही.